मागे चालणारी

बायको गेल्यापासून चष्मेवाल्यांच्या घरात गोष्टींचे शेवट सांगणारं कुणी उरलं नाही.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा काय प्रकार. त्यांची बायको दर रविवारी सकाळी चालायला जायची. चालायला म्हणजे बागेत चार फेऱ्या मारून बाकावर बसायला नव्हे. शहराच्या बसचा शेवटचा थांबा असतो ना, तिथून पुढे: माळावरून, ओढ्याच्या काठानं, गाड्या बंद होऊन जमाना झाला अशा गाडीवाटांवरून. बरोबर दहाबारा जणांचं टोळकं असे आणि टोळक्याच्या पुढे भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर असत, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. सर वाटेत जागोजागी बैठक मारून त्या त्या जागेचा इतिहास सांगत. दुपारी बायको घरी यायची, उंबऱ्यावर बूट आपटून चिखल झाडायची आणि आत येता येताच सुरू व्हायची, "आणि मग काय, त्यांनी पुलाखालीच शाळा भरवली."

कुणी भरवली, कुठला पूल, पुलाखाली का, काही पत्ता नाही. कधी म्हणायची, "शेवटी पाणी प्यायला पाखरंच तेवढी उरली हो." कधी म्हणायची, "बैलं एकटीच परत आली, गाडी रिकामी." चष्मेवाले अंथरुणातच असत, पेपर तोंडावर. पेपराआडून म्हणत, "अगं, सुरुवात कुठे सांडून आलीस?" ती हसायची आणि म्हणायची, सुरुवात पुढे निघून जाते, माझ्या हाती शेपूटच लागतं. तिला गोष्ट सांगता येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि पाहुण्यांसमोर थट्टेनं ते सांगतही असत. तीही पाहुण्यांबरोबर हसायची.

चष्मेवाल्यांचं दुकान लांबट, बोळासारखं होतं. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची. "हे बरं दिसतं की हे?" असं विचारत काचा बदलण्यात त्यांची हयात गेली. अर्ध्या शहराला लांबचं दाखवणारा हा माणूस स्वतः मात्र रविवारी उशीच्या पलीकडे बघत नसे. बायको शनिवारी विचारायची, उद्या येता का माझ्याबरोबर? हे म्हणायचे, पुढच्या रविवारी बघू. कारणं सांगण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. नाही म्हणायला, दुहेरी काचेच्या चष्म्यानं उतारावर पाय फसतो म्हणून त्यांनी तिला नुसत्या लांबच्या नंबरचा एक वेगळा चष्मा करून दिला होता. तिच्या चालण्याला त्यांची झालेली मदत एवढीच.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. साधा वाटलेला ताप आला, हॉस्पिटलात नेलं, आणि चष्मेवाले डब्याची पिशवी घेऊन पोचायच्या आत सगळं आटपलं होतं.

त्यानंतर घर खायला उठलं. ते दुकान उघडं ठेवून उशिरापर्यंत बसू लागले, पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत राहिले. घरी आले की आधी रेडिओ लावायचे, मग दिवा. मुलगी परगावी होती. ती फोन करायची, जेवलात का बाबा, औषध घेतलंत का बाबा, आणि मग दोघंही जपून बोलायचे, कारण आईचं नाव निघालं की तिकडे मुलगी रडू लागायची आणि इकडे हे फोन ठेवायला बघायचे. नातेवाईक म्हणाले, आता विसरायला शिका. चष्मेवाल्यांना विसरायचं नव्हतंच. त्यांना बोलायचं होतं. तिच्याबद्दल, तिला ओळखणाऱ्या कुणाशी तरी, मनसोक्त. घरात इतकी वर्षं काढून आपल्याला ती कमीच कळली, अशी एक धास्ती त्यांच्या मनात बसली होती आणि ती दिवसेंदिवस वाढत होती.

मग एके दिवशी दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात आलं, ते टोळकं आहे की. इतकी वर्षं बाई दर रविवारी चालायची, तर तिच्या शेजारून कुणीतरी चाललं असणारच. कुणीतरी तिची मैत्रीण असणार. तिला ही मन मोकळं करून सांगत असणार, नवऱ्याच्या तक्रारीही करत असणार. चष्मेवाल्यांना त्या तक्रारीही चालणार होत्या. कुणाच्या तरी तोंडून तिचं चार वाक्यांचं बोलणं ऐकायला मिळालं असतं तरी पुष्कळ होतं. आपल्या रविवारांवर डल्ला मारणारी ती मैत्रीण कोण, हे बघायची थोडी खुमखुमीही होतीच. ते खोटं कशाला सांगा.

रविवारी ते नवे बूट घालून बसच्या शेवटच्या थांब्यावर उभे राहिले. बूट चावत होते. टोळक्यानं त्यांना ओळखलं आणि सगळे एकदम गंभीर झाले. एकानं पाण्याची बाटली पुढे केली, दुसऱ्यानं खांद्यावर हात ठेवला. सरांनी पाहुण्याला मान म्हणून त्यांना आपल्या शेजारी, अगदी पुढे घेतलं.

शहर मागे पडलं तसे चष्मेवाले बुजले. इतकं मोकळं त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. वाळलेलं गवत, मधूनच एखादं काटेरी झुडूप, लांबवर नुसता माळ आणि त्या माळाच्या मधोमध एक दगडी पूल. खाली नदी नाही, ओढा नाही, साधा पाट नाही. पूल आपला शेतात उभा.

पुलाच्या कठड्यावर बसून सरांनी सांगायला घेतलं. दोन तीरांवरच्या लोकांनी पोटाला चिमटे घेऊन हा पूल बांधला होता. बायकांनी डोक्यावरून दगड वाहिले. पूल पुरा झाला आणि पहिल्याच मोठ्या पुरात नदीनं कूस बदलली. लोक सकाळी उठून बघतात तर पाणी पार टेकडीच्या पायथ्याला. आसपासच्या गावांची हसून पुरेवाट झाली. कुणी म्हणालं पाडा, कुणी म्हणालं दगड विका. "पण गाव हट्टी," सर म्हणाले, "मग त्यांनी…"

"पुलाखालीच शाळा भरवली," चष्मेवाले बोलून गेले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. कमानी लिंपून बंद केल्याच्या खुणा खाली अजून दिसत होत्या. चष्मेवाले उठून खाली उतरले आणि कमानीच्या आत जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं त्यांना ते वाक्य वेडगळ वाटत आलं होतं. आता ते वाक्य त्यांच्या डोक्यावर दगडात उभं होतं, आणि ते जिला सांगायचं ती नव्हती. त्यांनी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसला.

परतीच्या वाटेवर त्यांनी चौकशी सुरू केली. आधी सरांना विचारलं, मग एका बँकेतल्या कॅशियरला, मग दोघी बहिणी नेहमी हातात हात घालून चालायच्या त्यांना. माझी बायको कुणाबरोबर चालायची? कुणाशी बोलायची? उत्तरं फार चांगली होती आणि सगळी एकच होती. फार गोड बाई. कधी कुरकुर नाही. त्या मागे असायच्या.

मागे म्हणजे? तेव्हा सरांनी खुलासा केला. टोळक्याचा नियमच होता. पुढे एक वाट दाखवणारा आणि सगळ्यात मागे एक शेवटचा माणूस. शेवटच्यानं कुणाच्याही पुढे जायचं नाही. कुणी बुटाची नाडी बांधायला थांबलं की यानंही थांबायचं, कुणाला दम लागला की यानं उभं राहायचं. प्रत्येक वळणावर पुढच्यांनी थांबून मागे बघायचं. शेवटच्यानं हात वर केला की सगळे आले असं समजायचं आणि निघायचं. तोवर पुढे बैठक बसलेली असे, गोष्ट सुरू झालेली असे. शेवटचा माणूस पोचेपर्यंत ती संपत आलेली असायची.

"हे काम कुणालाच नको असतं," सर म्हणाले. "त्यांनी ते आपण होऊन घेतलं आणि कधी सोडलंच नाही. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पहिल्या वळणावर थांबलो आणि मागे बघत उभे राहिलो. बराच वेळ. मागे कुणी नेमायचं राहूनच गेलं होतं."

सरांनी हे गहिवरून सांगितलं होतं. चष्मेवाल्यांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही माणसं इतकी वर्षं वळणावळणावर मागे बघत होती आणि त्यांना दिसत होता तो फक्त एक हात? ती चालताना गुणगुणायची, ऊन लागलं की तिचं डोकं चढायचं, तिला टिटवीचा आवाज मुळीच आवडायचा नाही, यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं? "एकदा तरी मागे जाऊन तिच्याबरोबर चालायला काय झालं होतं तुम्हाला?" असं ते बोलूनही गेले. सर ओशाळले. दोघी बहिणींनी हात सोडवून घेतले. बसमध्ये चष्मेवाल्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही, आणि घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडताना त्यांच्या ध्यानात आलं की हाच प्रश्न आपल्याला कुणी विचारला असता तर आपली बोबडी वळली असती. त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला नाही.

पुन्हा जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण रविवार उजाडला की करायचं काय? दुकान बंद, मुलीचा फोन संध्याकाळी. शिवाय एक खोड लागली होती. बाकीच्या शेवटांच्या सुरुवाती कुठेतरी त्या माळावर पडल्या आहेत, हे त्यांना स्वस्थ बसू देईना.

पुढच्या खेपेला सरांनी त्यांना चौकोनी भिंत दाखवली. शेताच्या मध्ये, पुरुषभर उंच, चारही बाजूंनी सलग. दोघा सख्ख्या भावांनी वाटण्या केल्या आणि झरा नेमका बांधावर आला. दोघांनी मिळून झऱ्याभोवती भिंत घातली, पण दार कुणाच्या बाजूला ठेवायचं यावर एकमत होईना. गवंडी बिचारा वाट बघून बघून वरपर्यंत बांधत गेला. यापुढचं चष्मेवाल्यांना माहीत होतं, पण या वेळी ते तोंड मिटून बसले. भिंतीवर चिमण्या उतरत होत्या आणि आत नाहीशा होत होत्या. गोष्ट आता पुरी होती, सुरुवात, मध्य आणि शेवट सगळं जागच्या जागी, आणि ती पुरी झाल्याचा आनंद सांगायला घरात चिटपाखरू नव्हतं. मुलीला फोनवर सांगून बघितली. ती म्हणाली, छान आहे बाबा, आणि विचारलं, पाय नाही ना दुखत?

त्या दिवशी त्यांनी आणखी एक पाहिलं. मागची जागा आता पाळीपाळीनं वाटून घेतली होती, आणि जो मागे राही त्याचा चेहरा पडलेला असे. कॅशियर तर दर वळणावर हात असा झटकून वर करी की जणू माशी हाकलतोय.

तिसऱ्या रविवारी मागची पाळी बेकरीवालीची होती. ही बाई पहाटे भट्टी पेटवून, पाव काढून, तशीच पिठाच्या हातांनी यायची. बोलायला सडेतोड, पण मनानं चांगली. निघता निघता चष्मेवाले म्हणाले, मी आज मागे चालतो, बघू तरी. ती म्हणाली, या की, मलाही सोबत.

वाट मिठाच्या जुन्या रस्त्यानं जात होती. समुद्राकडून डोंगरापलीकडे जाणाऱ्या मिठाच्या गाड्या इथून इतकी वर्षं गेल्या की खडकात चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. पुढच्या मंडळींचं बोलणं हळूहळू लांब गेलं. मग नुसता कालवा ऐकू येऊ लागला, मग तोही नाही. मागे राहिलं की माळ किती मोठा होतो, हे चष्मेवाल्यांना पहिल्यांदाच कळलं. पुढे असताना माळावर इतिहास होता. इथे मागे वारा होता, बुटाखालचे खडे होते आणि लांब जाणाऱ्या पाठी होत्या. बायकोनं हे किती वर्षं बघितलं असेल? त्यांनी हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

एका ठिकाणी चाकोरी फुटून मोठी खाच पडली होती. चष्मेवाल्यांनी ती उडी मारून ओलांडली. बेकरीवाली मागून बघत होती. "गुडघा बरा झालेला दिसतोय तुमचा," ती म्हणाली.

"कसला गुडघा?"

"अहो, तुमचा. दुखायचा ना फार?" आणि मग, चालता चालता, हात पदराला पुसत तिनं सांगितलं. दोनेक वर्षांपूर्वी इथेच कुठेतरी तिचा पाय मुरगळला होता. तेव्हा चष्मेवाल्यांच्या बायकोनं तिला धरून हळूहळू सगळी वाट चालवली होती. दोघी बोलल्या होत्या त्या तेवढ्याच वेळी. चष्मेवाले एकदम थांबले. काय बोलली? काहीही सांगा, म्हणाले, आठवेल ते. त्यांचा आवाज इतका बदलला की बेकरीवालीही थांबली.

"मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही नेहमी मागेच का? पुढे या, इथे गोष्ट ऐकू येत नाही, बोलायला माणूस नाही. तर म्हणाल्या, आमचे हे येणार आहेत. त्यांचा गुडघा फार दुखतो, म्हणून लांबलंय. आले की ते हळूच चालणार, मागेच राहणार. मग मी पुढे चालायची सवय कशाला लावून घेऊ? म्हणाल्या, ते आले की त्यांना वाटायला नको, की आपल्यामुळे हिला मागे राहावं लागतंय. ही माझीच जागा आहे, असं वाटायला हवं."

चष्मेवाल्यांचा गुडघा कधीच दुखला नव्हता. एका शनिवारी दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी गुडघा धरला होता. तो चालला, म्हणून पुढेही चालवला. मधूनमधून जिना उतरताना कण्हूनही दाखवलं होतं. ती तेल गरम करून आणायची आणि ते निमूटपणे चोळून घ्यायचे. यापलीकडे त्या गुडघ्याची काही गोष्ट होत असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बरा झाला ना?" बेकरीवालीनं पुन्हा विचारलं.

खरं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर जन्मभर एका खोट्या गुडघ्यासाठी मागे राहिलेली बाई म्हणून ती या बाईच्या लक्षात राहिली असती, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या टोळक्याच्या. हसली नसती ती माणसं, कीव केली असती. ते चष्मेवाल्यांना सहन होणार नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "अजून दुखतो. तुम्ही व्हा पुढे, शेवटचा आज मी."

तिनं नियमाची आठवण करून दिली, आढेवेढे घेतले, पण चष्मेवाले ऐकेनात तशी ती निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत ते एका जागी उभे राहिले. मग त्यांनी डावा पाय जरासा ओढत टाकला. खडकातल्या एका चाकोरीतून ते चालू लागले, शेजारची चाकोरी मोकळी ठेवून. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस जितकं हळू चालेल तितकंच हळू ते चालले. कुणी बघत नव्हतं. तिला हवा होता तो माणूस या वाटेवर अखेर आला होता. त्याच्याबरोबर चालायला आता ती नव्हती, आणि चष्मेवाल्यांना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही. माळावर आवरायचं कुणासाठी?

वाट संपली तिथे मिठाच्या कोठाराचे पडके खांब होते. चष्मेवाल्यांना वाटलं होतं, गोष्ट एव्हाना बैलं एकटीच परत येण्यापर्यंत आली असेल. पण सगळे गप्प बसले होते आणि वाटेकडे बघत होते. बेकरीवालीनं पुढे येऊन सांगितलेलं दिसत होतं. कॅशियर उठून चार पावलं सामोरा आला आणि त्यानं त्यांच्या कोपराला आधार दिला. दोघी बहिणींनी सरकून मधे जागा केली. बेकरीवालीनं आपली शाल घडी करून समोरच्या दगडावर ठेवली आणि पाय वर घ्यायला लावला.

"सावकाश बसा," सर म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलोय. तुम्ही आल्याशिवाय सुरू कसं करणार?"

चष्मेवाल्यांनी पाय शालीवर लांब केला. सरांनी घसा खाकरला आणि गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली. चष्मेवाल्यांना त्यातला शब्दही ऐकू गेला नाही. सगळी मंडळी मधूनमधून त्यांच्या गुडघ्याकडे काळजीनं बघत होती.